'चांगली मुलं मिळत नाहीत' म्हणण्याआधी आयटीआयच्या समितीपर्यंत पोहोचा



फॅब्रिकेशनवाले असोत, गॅरेजवाले असोत की एसी दुरुस्ती करणारे, माझ्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं. "सर, ऑर्डर आहे, मशीन आहे, पण कामाला धड माणूस मिळत नाही." मग मी विचारतो, "जवळच्या आयटीआयमध्ये शेवटचं कधी गेला होतात?" वर्गात शांतता!

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अप्रेंटिस कसा घ्यायचा ते पाहिलं. आज त्याच्या एक पायरी आधीचं बोलू. मुलगा किंवा मुलगी तुमच्या दारात येण्याआधी काय शिकते, कोणत्या मशीनवर शिकते, यावर तुम्हाला काही बोलता येतं का? येतं. त्यासाठी एक समिती असते. अडचण एवढीच, की बऱ्याच छोट्या उद्योजकांनी तिचं नावही ऐकलेलं नसतं.

ही समिती म्हणजे नेमकं काय?

संस्था व्यवस्थापन समिती. आयटीआयमध्ये सगळे तिला 'आयएमसी' म्हणतात. २००७-०८ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआय उद्योगांच्या भागीदारीतून सुधारण्याची योजना आणली. त्या योजनेत या समितीला खरं वजन मिळालं.

रचना सोपी आहे. अध्यक्ष उद्योग भागीदाराचा. त्याने सुचवलेले स्थानिक उद्योगांतले ४ सदस्य. राज्य शासनाने नेमलेले ५ सदस्य. आणि प्राचार्य हे सदस्य सचिव.

योजनेत प्रत्येक आयटीआयच्या समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्जाची सोय होती. लक्षात घ्या, अनुदान नाही, कर्ज! पहिली १० वर्षं हप्ता नाही, पुढच्या २० वर्षांत फेड. म्हणजे चुकीचं मशीन घेतलं आणि ते कव्हर घालून कोपऱ्यात उभं राहिलं, तरी हप्ता भरावा लागणारच. धंद्यात आपण हे गणित रोज करतो ना? तेच इथेही आहे.

आता विचार करा. मशीन ठरवताना टेबलाभोवती फक्त मोठ्या कारखान्यांची माणसं बसली, तर ती त्यांच्या लाइनची गरज सांगणार. त्यांची त्यात चूक नाही. पण शिकून बाहेर पडलेली काही मुलं आठ-दहा माणसांच्या शेडमध्येही येणार असतात. त्या शेडच्या वतीने कोणी बोललंच नाही, तर तिथलं काम शिकवणार कोण?

काय हातात आहे, काय नाही?

आधी 'नाही' बघू. ट्रेडचा मूळ अभ्यासक्रम केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय ठरवतं. परीक्षाही देशपातळीवरची. त्यामुळे 'हा धडा काढा, तो घाला' असं समितीला म्हणता येत नाही.

पण हातात बरंच आहे. कोणती उपकरणं घ्यायची, कोणते छोट्या मुदतीचे कोर्स चालवायचे, बाहेरच्या कोणत्या कारागिराला शिकवायला बोलवायचं. या योजनेत २० टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरवण्याचा अधिकारही समितीला दिला गेला.

आणखी एक गोष्ट. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तास जवळच्या उद्योगात प्रत्यक्ष कामाचे धरले आहेत. तशी जागा मिळाली नाही, तर मुलं संस्थेतच गटाने प्रोजेक्ट करतात. म्हणजे तुम्ही शेडचं दार उघडलं नाही, तर तो अनुभव त्यांना मिळतच नाही. आणि मग वर्षभराने आपणच म्हणतो, "पोरांना अनुभव नाही!"

मीटिंगमध्ये बोलायचं काय?

'मुलांना काही येत नाही' हे वाक्य घरी ठेवून जा. त्यावर शिक्षक काहीच करू शकत नाही. चूक नेमकी सांगा.

- 'वेल्डिंग कच्चं आहे' असं म्हणू नका. 'जाड प्लेटवर आर्क वेल्डिंग जमतं, पण पातळ पत्र्यावर सीओटू वेल्डिंग करताना भोक पडतं' असं सांगा.
- 'ड्रॉइंग कळत नाही' असं म्हणू नका. 'मापाच्या पुढचं प्लस-मायनस वाचत नाहीत, म्हणून जॉब रिजेक्ट होतो' असं सांगा.
- 'एसीचं काम येत नाही' असं म्हणू नका. 'गॅस भरता येतो, पण इन्व्हर्टर एसीच्या बोर्डमधला दोष शोधता येत नाही' असं सांगा.

शक्य असेल तर रिजेक्ट झालेला जॉब पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ठेवा. दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा तो लोखंडाचा तुकडा जास्त बोलतो. आणि नुसतं मागू नका, काहीतरी द्या. 'निदेशकांना दोन दिवस आमच्या शेडमध्ये पाठवा, आम्ही काम दाखवतो' एवढं तरी नक्की देता येतं.

मी सदस्य नाही, मग?

बहुतेकजण नसतातच. पण प्राचार्यांना भेटायला कोणी अडवत नाही. तुमच्या एमआयडीसीच्या किंवा तालुक्याच्या उद्योजक संघटनेत विचारा, आपल्याकडून समितीवर कोण आहे? कोणी असेल तर त्यांच्याकडे तुमचे मुद्दे लेखी द्या. पाच-सहा छोट्या शेड एकत्र येऊन एकच पत्र देत असतील, तर त्या पत्राकडे दुर्लक्ष करणं अवघड जातं.

सोबत अप्रेंटिसही घ्या. ४ ते २९ माणसं असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, ३० पासून बंधनकारक. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत सरकार स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत वाटा उचलतं. करार करण्याआधी पोर्टलवर चालू नियम तपासून घ्या.

आता एक कडू गोष्ट

ही समिती म्हणजे तुमच्यासाठी कामगार भरतीची खिडकी नाही. फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होण्यासाठी मूल आयुष्यातली दोन वर्षं देतं. त्याला फक्त तुमच्याच मशीनपुरतं शिकवलं आणि उद्या तुमची ऑर्डर थांबली, तर त्याने जायचं कुठे? म्हणून काहीही सुचवण्याआधी स्वतःला विचारा, "माझी शेड बंद पडली तरी हे काम त्याचं पोट भरेल का?" उत्तर 'हो' असेल तरच सुचवा.

आणि 'माणूस मिळत नाही' याचा खरा अर्थ कधीकधी 'मी देतो त्या पगारात मिळत नाही' असा असतो. तिथे कोणतीही समिती मदत करणार नाही. ते गणित आपल्यालाच सोडवायचं आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या सहा महिन्यांत नव्या मुलांकडून झालेल्या तीन चुका वहीत लिहा, नेमक्या शब्दांत.
२. जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांची वेळ घ्या.
३. जाताना ती वही न्या आणि परत येताना विचारून या, "आमच्याकडे किती मुलं पाठवाल?"

करून बघा. आणि काय झालं ते मला जरूर कळवा!