क्रीडांगण आरक्षण

क्रीडांगण आरक्षण म्हणजे शहराच्या विकास योजनेत मुलांच्या खेळासाठी राखून ठेवलेला भूखंड. महाराष्ट्रात त्याचा कायदेशीर आधार ‘महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६’ हा आहे. रायगड जिल्ह्यात कुंडलिका नदीकाठी वसलेल्या रोहा शहराचे नियोजन प्राधिकरण रोहा अष्टमी नगरपरिषद हे आहे. विकास योजनेच्या नकाशावर क्रीडांगणे व उद्यानांची आरक्षणे दर्शविलेली असतात. त्यावरून घराजवळील जागा शोधता येते.

आरक्षण कायमचे नसते. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित न झाल्यास कलम १२७ अन्वये जमीनमालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची कार्यवाही सुरू न झाल्यास आरक्षण व्यपगत होते आणि लगतच्या जमिनीप्रमाणे तेथे बांधकाम करता येते.