इनामगाव

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन कृषिसंस्कृतीचे एक महत्त्वाचे उत्खनित स्थळ. ते पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेची उपनदी घोड हिच्या उजव्या काठी, पुण्याच्या पूर्वेस सु. ८० किमी. अंतरावर आहे. येथे प्राचीन वस्तीची पाच टेकाडे असून त्यांपैकी एकावर मुख्य वसाहत होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने १९६८ ते १९८३ या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड्. डी. अन्सारी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे बारा हंगाम उत्खनन झाले. त्याचा विस्तृत अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाराष्ट्रातील सर्वांत जुने लेख इ. स. पू. तिसऱ्या शतकातील होत. सोपारा येथील अशोकाच्या आज्ञालेखाचे अवशेष याच काळातील आहेत. तत्पूर्वीच्या शेतकरी समाजाविषयी एक ओळही लिहिलेली उपलब्ध नाही. त्यांची घरे, अन्न, श्रद्धा व मृत्यू यांविषयी जे काही कळते, ते मातीतूनच. इनामगावात वस्ती सु. नऊशे वर्षे अखंड टिकली. त्यामुळे एकाच गावाची भरभराट व ओहोटी तेथे क्रमाने पाहावयास मिळते.

उत्खननाची पद्धत : उत्खनन दोन प्रकारे करतात. लहान खड्डा खोलवर नेऊन थरांचा क्रम पाहणे, हे उभे उत्खनन. त्यावरून कोणती संस्कृती आधीची व कोणती नंतरची हे ठरते; परंतु गाव दिसत नाही. मोठे क्षेत्र एकाच पातळीवर उघडे करणे, हे आडवे उत्खनन. महाराष्ट्रात १९५० नंतरच्या दशकांत जोर्वे, नेवासे, प्रकाशे आदी स्थळांच्या उत्खननांतून संस्कृतींचा क्रम बराचसा निश्चित झाला होता. इनामगावी त्यापुढचा प्रश्न हाती घेण्यात आला : हे लोक राहत कसे होते? त्यासाठी विस्तृत क्षेत्र आडवे खणून १३० हून अधिक घरांचे अवशेष उजेडात आणले गेले. कुडाच्या घराचे लाकूड व गवत कुजून नाहीसे होते. उरते ती चोपलेली जमीन, मातीच्या भिंतीचा तळ आणि वाशांची व मेढींची भोके. भोकांतील माती सभोवतालच्या मातीहून भुसभुशीत व वेगळ्या रंगाची असते. अशी भोके एकामागून एक नोंदवून घराचा आकार जुळविला जातो. जळालेले धान्य वेगळे काढण्यासाठी माती पाण्यात कालवून वर तरंगणारे दाणे गोळा करण्यात आले. प्राण्यांची हाडे, मानवी सांगाडे व वनस्पतींचे अवशेष यांचे तज्ज्ञांकडून स्वतंत्र परीक्षण झाले.

कालखंड : कार्बन-१४ कालमापन व मृत्पात्रे यांच्या आधारे वसाहतीचे तीन कालखंड मानले जातात : (१) माळवा संस्कृती, इ. स. पू. सु. १६०० ते १४००. (२) पूर्व जोर्वे, इ. स. पू. सु. १४०० ते १०००. आणि (३) उत्तर जोर्वे, इ. स. पू. सु. १००० ते ७००. जोर्वे हे नाव अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेरनजीकच्या गावावरून पडले आहे. या संस्कृतीची मृत्पात्रे चाकावर घडविलेली, उत्तम भाजलेली, तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात भौमितिक नक्षी काढलेली असतात. तोटीचे चंबू आणि मध्ये कंगोरा असलेले वाडगे हे त्यांतील खास आकार.

घरे व वसाहतीची रचना : माळवा काळातील घरे मोठी व आयताकार होती. बुटक्या मातीच्या भिंती, त्यांवर कूड आणि शाकारलेले छप्पर अशी त्यांची बांधणी असे. काही लोक जमिनीत खणलेल्या खड्ड्यांतही राहत. पूर्व जोर्वे काळात गावाला रेखीवपणा आला. साधारणतः ५ मी. लांब व ३ मी. रुंद अशी आयताकार घरे ओळीने बांधलेली असून दोन घरांत सु. दीड मीटर वाट सोडलेली आढळते. घरात चूल, धान्य साठविण्याचे बळद, कणगी ठेवण्यासाठी मातीचा गोल ओटा आणि मोठा रांजण टेकविण्यासाठी मांडलेले चार सपाट दगड असत. काही बळदे आतून चुन्याने गिलावलेली होती. कुंभार, चुना भाजणारे, मणी करणारे यांची घरे वस्तीच्या पश्चिम कडेला, तर सुस्थित कुटुंबांची मध्यभागी होती. पाच खोल्यांचे एक घर इतर घरांहून मोठे असून त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. हे घर गावाच्या नायकाचे असावे आणि कोठारातील धान्य गावकऱ्यांकडून गोळा केलेले असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे.

शेती व अन्न : पूर्व जोर्वे काळात वस्तीच्या पश्चिमेस एक मोठा कालवा खणण्यात आला. तो सु. २०० मी. लांब, ४ मी. रुंद व ३·५ मी. खोल होता. त्याच्या जोडीला दगडमातीचा बांधही घालण्यात आला. नदीच्या पुराचे पाणी वळवून शेतीसाठी वापरणे हा त्याचा उद्देश दिसतो. एवढे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातील नव्हे. त्यामागे सर्व गावाचे श्रम आणि ते एकत्र आणणारी सत्ता असली पाहिजे. सातू (जव) हे मुख्य पीक होते. त्याशिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, वाल व लाख यांचे जळके दाणे मिळाले आहेत. बोरासारखी रानफळे खाल्ली जात. गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर व कुत्रा हे प्राणी पाळले जात. हाडांवरील कापल्याच्या व भाजल्याच्या खुणांवरून गुरांचे मांस खाण्यात होते, हे स्पष्ट होते. हरणांची शिकार व मासेमारीही चालत असे.

धान्य कापण्यासाठी गारेच्या जातीच्या दगडाची बारीक पाती लाकडी वा हाडाच्या मुठीत बसवीत. तांबे दुर्मिळ असल्याने त्याचा वापर छिन्न्या, मणी, बांगड्या अशा मोजक्या वस्तूंपुरता मर्यादित होता. म्हणून या संस्कृतीचे ‘ताम्रपाषाणयुगीन’ हे नाव यथार्थ असले, तरी तिचा दैनंदिन व्यवहार मुख्यतः दगड, माती व लाकूड यांवर चाले.

श्रद्धा : पूर्व जोर्वे काळातील एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, कच्च्या मातीची झाकणदार पेटी सापडली. पेटीत मस्तकहीन स्त्रीमूर्ती होती. झाकणावर मस्तक असलेली दुसरी स्त्रीमूर्ती व एक बैल ठेवलेला होता. मस्तकहीन मूर्तीच्या पोटाला व बैलाच्या पाठीला भोक असून काडी घालून मूर्ती बैलावर बसविता येते. ही एखाद्या देवतेची मूर्ती असावी व काही विधीनंतर ती पुरली असावी, असे मानतात. मात्र तिचा नंतरच्या काळातील एखाद्या देवीशी थेट संबंध जोडण्यास मधल्या शतकांतील पुरावा अपुरा आहे.

दफनविधी : इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली असून त्यांत बालकांची संख्या फार मोठी आहे. मृत बालकाला दोन कुंभांत ठेवून कुंभांची तोंडे एकमेकांस भिडवीत आणि ते घराच्याच जमिनीखाली आडवे पुरीत. सोबत लहान वाडगे व तोटीचे चंबू ठेवलेले असत. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे पुरण्याची रीत होती. बहुधा त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली आढळतात. मृताने घर सोडून जाऊ नये किंवा त्याचे भूत होऊन फिरू नये, असा यामागील हेतू सुचविला गेला आहे. पण तो तर्कच होय. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणातील दफन या रीतीस अपवाद आहे. तेथे एका प्रौढ पुरुषाला कच्च्या मातीच्या चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत ठेवले होते व त्याची पावले शाबूत होती. घराचा आकार, शेजारचे कोठार आणि हे वेगळे दफन या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या असता समाजात दर्जाचे भेद निर्माण झाले होते, हे अनुमान बळकट होते.

ऱ्हास : इ. स. पू. सु. १००० नंतर चित्र पालटते. आयताकार घरांच्या जागी बहुतांशी लहान, गोल झोपड्या येतात. त्या दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्याने उभारलेल्या दिसतात. मृत्पात्रांची घडण जाडीभरडी होते व नक्षी कमी होते. गव्हाचे प्रमाण घटते. गुरे कमी होऊन शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरील भिस्त वाढते. भीमेच्या खोऱ्याबाहेरील जोर्वे संस्कृतीची बहुतेक गावे या सुमारास ओस पडली होती. इनामगाव तीन शतके तग धरून राहिले आणि इ. स. पू. सु. ७०० मध्ये तेही उजाड झाले.

या ऱ्हासाचे कारण पर्जन्यमान घटणे हे होय, असे ढवळीकर यांनी प्रतिपादिले. पावसाअभावी शेती बसली, लोक अर्धभटके पशुपालक बनले आणि गोल झोपड्या या त्याच बदलाच्या निदर्शक होत, अशी ही मांडणी आहे. अवर्षण हेच एकमेव कारण होते काय, याविषयी पुढे मतभेद झाले. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी बालकांच्या सांगाड्यांचा पुन्हा अभ्यास करून २०११ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. उत्तर जोर्वे काळातील बालकांची वाढ खुंटल्याची चिन्हे त्यांना आढळली. कारणांविषयी वाद असला, तरी हा ताण कोणी सोसला हे त्यामुळे कळते. घरांच्या आकारावरून जे गरिबीचे अनुमान केले गेले होते, त्याचीच साक्ष अंगणात पुरलेल्या मुलांची हाडे देतात.

महत्त्व : राजवाडा, नाणी वा शिलालेख यांपैकी काहीही नसलेल्या एका खेड्याचा इतिहास किती बारकाईने जुळविता येतो, हे इनामगावने दाखविले. विस्तृत आडवे उत्खनन आणि निरनिराळ्या शास्त्रांच्या अभ्यासकांचे सहकार्य यांमुळे भारतीय प्रागैतिहासिक संशोधनात ते आदर्श मानले जाते. उत्खनन ही मात्र एकदाच करता येणारी कृती होय. थर उकलताना तो नष्ट होतो आणि नंतर नोंद तेवढी उरते. पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी वा बांधकामासाठी उकरून नेली, तर ती नोंदही उरत नाही. महाराष्ट्रातील नद्यांच्या काठी अशी अनेक टेकाडे आहेत. ती शाबूत राहिली, तरच इनामगावासारख्या आणखी गावांची हकीकत पुढे कळू शकेल.