मधली रेघ

गणपती जवळ आले की मंडळांच्या टी-शर्टांची छपाई रात्री उशिरापर्यंत चालते. फळीवर शर्ट चढवायचा, स्क्रीन टेकवायची, रबराच्या पट्टीने शाई ओढायची. खरं कसब पहिल्याच पायरीत आहे.

फळीच्या मधोमध रेघ आखलेली असते. शर्ट उभा दुमडून इस्त्रीने हलकी घडी पाडली, तर ती या रेघेवर नेमकी बसते. मग दोन्ही खांदे समान अंतरावर आहेत ना, ते पाहायचं. बाजूच्या शिवणीवर मात्र विसंबू नये. होजिअरीचं कापड पीळ खातं आणि शिवण तिरकी जाते.

छातीवरचं चित्र गळपट्टीखाली साधारण 3 इंचांवर घेतात. फळीवरचा गोंद कापड धरून ठेवतो, म्हणून शर्ट हलक्या हाताने पसरावा. ताणून बसवलेला शर्ट काढताच आक्रसतो आणि सरळ छापलेलं ‘मोरया’ वाकडं दिसतं.