कॅमेऱ्याची सॅक कशी पारखावी?

आपल्या मंडळींत अलीकडे कॅमेरा गळ्यात अडकवून भटकणाऱ्यांची संख्या बरीच वाढली आहे. पाऊस सुरू झाला की धार-देवासची तरुण मुले मांडवगडाकडे धाव घेतात, आणि ज्यांचे नातलग पुण्या-नाशकाकडे आहेत ती सुटीत सह्याद्रीतले गड चढून येतात. कॅमेरा घेताना ही मंडळी महिनामहिना चौकशी करतात. परंतु तो ज्या सॅकमधून न्यावयाचा ती मात्र दुकानात कप्पे मोजून पाच मिनिटांत घेतली जाते. मीही तशीच घेतली होती.

काही वर्षांपूर्वी श्रावणात शाळेच्या मुलांबरोबर मी मांडवगडास गेलो. धारपासून अवघे 35 किलोमीटर. नव्या सॅकमध्ये कॅमेरा आणि लेन्सा अगदी ऐटीत बसल्या होत्या. पण अम्मींनी दिलेला पोळीभाजीचा डबा काही केल्या आत मावेना. तो एका हातात, पाण्याची बाटली दुसऱ्या हातात! रूपमतीच्या महालापाशी कडा सुमारे 1200 फूट खाली निमाडात उतरतो. तेथे ढग फाटून क्षणभर खालचा मुलूख दिसला, म्हणून मी लेन्स बदलू लागलो. सॅक बाहेरच्या बाजूने उघडणारी. तेव्हा ती पाठीकडून चिखलात आडवी घालून, तिच्यावर ओणवे होऊन शोधाशोध करणे आले. तेवढ्यात एक मुलगा खाली वाकून पाहण्यासाठी कठड्यावर चढला. माझे लक्षच नव्हते. बरोबरच्या शिक्षिकाबाईंनी त्याचा दंड धरून त्याला खाली ओढले. झाले काहीच नाही. परंतु त्या दिवशीची छायाचित्रे मी आजवर कोणास दाखविलेली नाहीत.

तेव्हा सॅक पाहताना पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा नव्हे, तर बाकीच्या सामानाचा विचारावा. दिवसभराच्या चालीला माणसी निदान दोन लिटर पाणी लागते, म्हणजे दोन किलो तेथेच झाले. डबा, रेनकोट, कोरडा सदरा, विजेरी हे वेगळे. कॅमेऱ्यासाठी म्हणून बनविलेल्या पुष्कळ सॅकांत वरपासून खालपर्यंत गादीचे खणच खण असतात. लग्नसमारंभात गाडीतून उतरून मांडवात जाणाऱ्यास त्या उत्तम. डोंगर चढणाऱ्याच्या त्या कामाच्या नाहीत.

दुसरी गोष्ट वजनाची. अशी रिकामी सॅकच कधी कधी दोन किलो भरते. तीत लेन्ससह कॅमेरा सव्वा किलो, दुसरी लेन्स एक किलो, तिकाटणे दीड किलो, पाणी दोन किलो आणि वरचे सामान दीड किलो धरले तर बेरीज सव्वानऊ किलोंवर जाते. एका दिवसाच्या चालीसाठी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके ओझे सोसते, असा साधारण ठोकताळा आहे. सत्तर किलोंच्या गृहस्थाने सात किलोंवर थांबावे. नववीतल्या मुलीने किती उचलावे, हे ज्याने त्याने घरीच काढावे. जास्त वाटले तर दुसरी लेन्स घरी ठेवावी, पाणी नव्हे.

ओझे खांद्यांनी नव्हे, तर कमरेने उचलावयाचे असते. मान पुढे झुकविली असता जो मणका वर येतो, तेथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतची लांबी टेपने मोजावी. सॅकची पाठ तिच्याशी जुळावयास हवी. पट्टा जाड, गादीचा असावा आणि पोटावर न येता त्या हाडावर बसावा. नुसती पातळ फीत असेल तर ती सॅक हलू देत नाही एवढेच. भार मात्र खांद्यांवरच राहतो.

पाठीकडच्या बाजूने उघडणारी सॅक मला सर्वांत सोयीची वाटते. कमरेचा पट्टा न सोडता ती पोटाकडे फिरवून उघडता येते, खाली टेकवावी लागली तरी पाठीची बाजू चिखलात जात नाही, आणि गर्दीत मागून कोणी चेन उघडण्याची भीती नाही.

पावसासाठी वरून घालावयाची खोळ पाहिजेच. परंतु खोळ घातली तरी पाठीच्या बाजूने पाणी झिरपते, म्हणून आत प्लॅस्टिकची जाड पिशवीही असावी. घरी आल्यावर मात्र ओल्या सॅकमध्ये कॅमेरा तसाच ठेवू नये; दमट अंधारात लेन्सवर बुरशी धरते व तिचे जाळे काचेवर कायमचा डाग ठेवू शकते.

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, 1646 मीटर उंचीचे कळसूबाई, चढताना लोखंडी शिड्या लागतात. तेथे बाजूला लोंबणारे तिकाटणे गजात अडकते. ते सॅकच्या मधोमध, उभे आणि घट्ट बांधता आले पाहिजे.

पूर्वी हा प्रश्नच निराळा होता. इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या लाला दीनदयाळांनी 1882 साली सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थानातील वास्तूंची छायाचित्रे घेतली, ती काचांवर. त्या काचांच्या पेट्या घेऊन डोंगर चढणे एकट्या माणसाचे काम नव्हते. आपणांस हमाल नाही, म्हणून पाठच पारखून घ्यावी लागते!

आणि ती पारखावी देवासच्या टेकडीवर. दुकानदाराशी परतीची बोली करून सॅक घरी आणावी, पाण्यासकट सगळे सामान भरावे आणि एकदा पायऱ्यांनी वर चढून उतरावे. वर पोहोचल्यावर खाली न बसता कॅमेरा काढून पाहावा. खांदे भरून आले, मागे झोक गेला किंवा डबा हातात राहिला, तर सॅक परत करावी.

माझे स्वतःचे म्हणाल, तर मी गिर्यारोहणाची साधी सॅक घेतली आणि तीत कॅमेऱ्यापुरता गादीचा सुटा खण ठेवला. तो खण चेनजवळ वरच्या बाजूस असतो, डबा त्याच्या खाली. सहल नसते तेव्हा खण काढून त्याच सॅकमधून मी वह्या तपासावयास घरी आणतो.