ओटीपी मुंबईला, आत्या रेवदंड्याला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची आत्या रेवदंड्याला एकटी राहते. वय चौऱ्याऐंशी. नजर बरी, जीभ त्याहून बरी. कानांनी मात्र दोन-तीन वर्षांपासून असहकार पुकारलेला. गुरुवारचं भजन तिनं सोडलं. पाय दुखतात, असं सांगते. खरं कारण वेगळंच. टाळ कुठे पडतो ते तिला कळेनासं झालं, आणि चारचौघींत चुकण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं तिनं ठरवून टाकलं.

मुंबईच्या आतेभावानं तिच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं होतं. काठीपासून चाकाच्या खुर्चीपर्यंत, म्हातारपणाच्या सगळ्या साधनांची माहिती त्यात आहे म्हणे. मी गेलो तेव्हा आत्यानं फोन पुढे केला. "अरे, यात कानाचं मशीन कुठं सापडतं का बघ."

मी फोनला तोंडानंच विचारलं, "कानाचं मशीन." उत्तर आलं, 'काहीही आढळले नाही.' पंधरा मिनिटांनी उलगडा झाला. तिथे त्याचं नाव होतं 'श्रवण साहाय्यक उपकरण'! पुढे फिक्या करड्या अक्षरांतला अर्ज, नाव इंग्रजीत. मग ओटीपी. तो गेला मुंबईला, कारण नोंदवलेला नंबर मुलाचा. मुलगा लोकलच्या गर्दीत. त्यानं आकडे कळवेपर्यंत पडद्यावर झळकलं, 'वेळ संपली.' आत्या म्हणाली, "माझी की त्याची?"

मी हसलो खरा, पण मनातून वरमलो. माझी सारी नोकरी बँकेत गेली. या किनाऱ्यावरच्या शाखेतही काही वर्षं काढली. आमचं काउंटर छातीइतकं उंच, स्लिपा बारीक अक्षरांच्या. पण दाराशी एक शिपाई असे. कोळीवाड्यातली म्हातारी आली की तो विचारी, "मावशी, किती काढायचेत?" मग पासबुक मागे. मग अंगठा कुठे लावायचा ते दाखवी. एका वेळी एकच प्रश्न, तोही तिच्या भाषेत. पुढे स्लिप पडद्यावर गेली. शिपाई मात्र पडद्यावर न्यायचा राहून गेला.

वास्तविक नियम आहेत. वेबचे जागतिक संकेत ठरवणाऱ्या संस्थेनं २००८ मध्येच सांगून ठेवलंय, की अक्षरं पार्श्वभूमीवर ठळक उठून दिसावीत, ती दुप्पट मोठी करता यावीत, वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवता यावी. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. साधनांसाठी योजनाही निघाल्या. २०१७ मध्ये केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना आली, गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, कानाचं यंत्र, कवळी मोफत देणारी. २०२४ मध्ये राज्यानं मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीपुढच्या, दोन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना अशा साधनांसाठी तीन हजार रुपये थेट खात्यात. पैसा निघाला, कायदा निघाला. अडलं ते शेवटच्या वीतभर पडद्यावर.

आणि अक्षरं मोठी केली म्हणजे झालं, असंही नाही. मजकूर कुणासाठी, हा खरा प्रश्न. त्या ॲपमधल्या चित्रात एक आजोबा गुळगुळीत फरशीवर वॉकर ढकलत होते. आमच्याकडे अंगणात वाळू, जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ. चाकाचा वॉकर वाळूत रुततो, काठीचं रबरी बूच झिजलं की ओल्या दगडावर घसरतं, ते वेळीच बदलावं लागतं. खाऱ्या, दमट हवेत कानाचं मशीन बिघडू नये म्हणून रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून ते ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवावं. हे सांगणारा पडदा हवा. तो मुंबई-पुण्याच्या थंड खोलीत बसून होणार नाही. बनवणाऱ्यानं आत्याशेजारी ओसरीवर बसावं, तिचं बोट कुठे अडखळतं ते मुकाट्यानं बघावं, आणि आपला शब्द खोडून तिचा लिहावा.

तोवर घरच्यांना करण्यासारखं पुष्कळ आहे. फोनमधली अक्षरं मोठी करून द्यावीत. मराठीत बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आलेली आहे, ती शिकवावी. आणि हो, नंबर तिचा स्वतःचा नोंदवावा. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइनही मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहून ठेवावी.

आत्याचं मशीन अखेर अलिबागला जाऊन, तपासणी करून घेतलं. पहिला आठवडा तिची तक्रार एकच, भांडी फार आदळतात. कानाला सवय व्हायला काही आठवडे जातात, हेही त्या ॲपनं सांगितलं नव्हतं. गेल्या गुरुवारी ती भजनाला गेली. टाळ हाती घेतला नाही. "आधी ऐकते," म्हणाली.