पक्षी दिसले, म्हणजे किती आले?

कॅनडाच्या मुख्य भूमीचे अगदी दक्षिण टोक म्हणजे ईरी सरोवरात घुसलेली वाळूची एक निमुळती जीभ. तिचे नाव पॉइंट पिली. 1918 साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्रफळ जेमतेम 15 चौरस किलोमीटर, त्यातही बराच भाग पाणथळ. पण मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दूरदूरचे पक्षीनिरीक्षक दुर्बिणी घेऊन येथे गर्दी करतात.

आम्हीही एका वर्षी मेमध्ये तेथे गेलो. पहिल्या रात्री आकाश निरभ्र होते आणि दक्षिणेचा उबदार वारा वाहत होता. उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्यांना याहून चांगली रात्र कोणती? सकाळी झाडे पक्ष्यांनी लगडलेली असणार, अशी आमची खात्री. प्रत्यक्षात दोन तासांत हाती लागले मोजकेच पक्षी. दोन दिवसांनी हवा फिरली, उत्तरेचा गार वारा आणि पाऊस सुरू झाला. त्या सकाळी मात्र चिखलात रुतलेल्या आमच्या बुटांपासून हातभर अंतरावर रंगीत वॉर्बलर किडे टिपत होते. आमच्याकडे पाहायलाही त्यांना सवड नव्हती.

असे उलटे का व्हावे?

अमेरिकेतील हे वॉर्बलर आपल्या वटवट्यांएवढेच, पण वेगळ्या कुळातले. वजन दहा ग्रॅमच्या आसपास. त्यातील नारिंगी गळ्याचा ब्लॅकबर्नियन वॉर्बलर हिवाळा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात काढतो आणि विणीसाठी उत्तरेच्या जंगलात येतो. हे पक्षी मुख्यतः रात्री उडतात. रात्री हवा थंड व स्थिर असते, शिकारी पक्ष्यांचे भय कमी असते आणि दिवस पोट भरण्यासाठी मोकळा राहतो. पाठीमागून वारा मिळाला, की सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात ते निघतात. इंधन म्हणजे अंगावर साठवलेली चरबी. तेवढ्याच वजनाच्या पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा चरबीतून मिळते.

वारा अनुकूल असला, तर सरोवराचे चाळीस-पन्नास किलोमीटर पाणी पक्षी सहज ओलांडतात आणि पहाटेपर्यंत आत दूरवर जाऊन उतरतात. पिलीच्या टोकाची त्यांना गरजच पडत नाही. पण वाटेत उत्तरेकडून थंड हवेची आघाडी आडवी आली, तर समोरून वारा, वरून पाऊस आणि खाली पाणी. चरबी भराभर जळते. पाण्यावर उतरता येत नाही. उजाडताना जी पहिली जमीन दिसेल तिच्यावर पक्षी अक्षरशः कोसळतात, आणि ती जमीन म्हणजे हे टोक. तेथपर्यंत न पोहोचलेले बुडतात. निरीक्षकांची पर्वणी ती पक्ष्यांची काळरात्र, हे तेथे उभे असताना आमच्या फार उशिरा लक्षात आले.

आता नोंदवहीकडे वळू. एका सकाळी 20 जाती आणि दुसऱ्या सकाळी 5, एवढ्यावरून पहिल्या रात्री जास्त पक्षी आले असे म्हणता येत नाही. आकडा येणाऱ्यांचा नसून अडलेल्यांचा आहे. त्यात आणखी एक गंमत. टोकावर उतरलेले काही पक्षी सकाळी पुन्हा दक्षिणेकडे, म्हणजे उलट दिशेने उडताना दिसतात. त्यामुळे एकच पक्षी दोनदा मोजला जाण्याची शक्यता असते. शिवाय रविवारी माणसे जास्त, म्हणून पक्षीही ‘जास्त’! एखादी जात दरवर्षी लवकर येऊ लागली आहे असे वाटते, तेव्हाही आधी विचारायला हवे, की पाहणारे डोळे वाढले का? डोळे वाढले की पहिली नोंद आपोआप अलीकडे सरकते.

मग खरे मोजमाप कसे करायचे? हवामानाच्या रडारवर पावसाबरोबर रात्री उडणारे पक्षीही उमटतात. जात कळत नाही, पण एकूण प्रमाण कळते. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील रडारच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 2007 ते 2017 या काळात वसंतातील रात्रीच्या स्थलांतराचे प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी घटलेले आढळले. याच अभ्यासात जमिनीवरच्या गणनांवरून 1970 पासून उत्तर अमेरिकेतील जवळजवळ 300 कोटी पक्षी कमी झाल्याचा अंदाज निघाला. या गणना उपयोगी पडल्या, कारण त्यांतल्या अनेक ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या पद्धतीने, वर्षानुवर्षे केलेल्या होत्या. केवळ गर्दीच्या दिवसांच्या आठवणींतून हे निघाले नसते.

आपल्याकडे वसंत हा हिवाळी पाहुण्यांच्या परतीचा काळ. धोबी, भोरड्या मार्च-एप्रिलमध्ये निघू लागतात. 2007 मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून ‘मायग्रंट वॉच’ नावाचा उपक्रम सुरू झाला, तो अशाच नोंदी गोळा करण्यासाठी. येथे एक अडचण आहे. पक्षी प्रथम दिसल्याची तारीख त्याच दिवशी लिहिता येते. शेवटचा दिसल्याची मात्र नंतरच कळते, आणि तीही रोज पाहत राहिले तरच. शाळेच्या आवारात धोबी येत असेल, तर मुलांनी रोज एकाच वेळी दहा मिनिटे पाहावे आणि धोबी न दिसलेल्या दिवशीही वहीत वेळ, वारा, ढग लिहून पुढे शून्य मांडावे. सुट्टीच्या दिवशी कोणी पाहिलेच नसेल, तर तेथे शून्य नको, रेघ मारावी.