विमानाच्या मर्यादा

प्रवासास निघालेल्या गृहस्थास विमानासंबंधीं बहुधा दोनच गोष्टींची चौकशी असते: तें केव्हां सुटेल आणि केव्हां पोहोंचेल. विमान चालविणाऱ्यास मात्र त्याआधीं एक निराळी चौकशी करावी लागते. आपल्या हातांतील हें यंत्र काय काय करूं शकत नाहीं, ही ती चौकशी होय. प्रत्येक जातीच्या विमानाच्या पुस्तकांत त्याच्या मर्यादांचें एक स्वतंत्र प्रकरण असतें. त्यांतील महत्त्वाचे आंकडे वैमानिकास पाढ्यांप्रमाणें मुखोद्गत असावे लागतात; कारण संकटसमयीं पानें चाळण्यास सवड मिळेलच असें नाहीं.

कॅनडांतील बोंबार्डियर कंपनीनें बनविलेलें सी. आर. जे. २०० हें पन्नास आसनांचें छोटें जेट विमान या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्याच्या एका प्रकारास सुमारें २४,००० किलोग्रॅम वजनानिशीं उड्डाण करतां येतें. परंतु उतरतांना वजन सुमारें २१,३०० किलोग्रॅमहून अधिक असतां कामा नये, कारण जमिनीवर टेकण्याचा आघात चाकांना व सांगाड्याला सोसावा लागतो. वेगाचा कांटा ३३५ नॉटच्या, म्हणजे तासीं सुमारें ६२० किलोमीटरच्या, पुढें जाऊं द्यावयाचा नाहीं. उतरतांना पंखांच्या मागल्या कडेस ज्या झडपा उघडतात, त्या १५,००० फुटांच्या वर उघडावयाच्या नाहींत. उंचीची मर्यादा ४१,००० फूट.

आंकड्याच्या अलीकडे सर्व निर्धास्त आणि पलीकडे धोका, असा हे आंकडे वाचणाऱ्याचा सहज समज होतो. हा समज अपुरा आहे. यांतील प्रत्येक आंकडा दुसऱ्या कांहीं अटींवर उभा असतो.

४१,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या पाव हिश्शाहूनहि कमी असते. अशा विरळ हवेंत पंखांनीं विमानाचा भार तोलून धरावा, तर वेग अधिक हवा. पण त्याच विरळपणामुळें इंजिनांचें बळहि घटलेलें असतें. शिवाय वेग वाढवीत गेल्यास ध्वनीच्या वेगाशीं निगडित असलेली वरची मर्यादा आड येते. म्हणजे किमान आणि कमाल वेगांमधील वाट उंचीबरोबर अरुंद होत जाते. विमान जड असेल किंवा हवा उष्ण असेल, तर ती आणखीच चिंचोळी होते. वेग किमान मर्यादेखालीं गेला कीं पंखांवरून वाहणारा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि पंख भार तोलीनासे होतात. यालाच वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात.

या अटींकडे दुर्लक्ष झाल्यास काय होतें, तें १४ ऑक्टोबर २००४ च्या रात्रीं अमेरिकेंत दिसून आलें. पिनॅकल एअरलाइन्सचें याच जातीचें एक विमान लिटल रॉकहून मिनिॲपोलिसकडे न्यावयाचें होतें. आंत उतारू नव्हते. केवळ दोन वैमानिक होते. बेत ३३,००० फुटांवरून जाण्याचा होता. परंतु विमान रिकामें पाहून उंचीची कमाल मर्यादा गांठावी, अशी हौस त्यांना झाली. पुस्तकांतील आंकडा त्यांनीं ओलांडला नाहीं. ते ४१,००० फुटांवरच थांबले.

चूक चढण्याच्या रीतींत झाली होती. मिनिटाला इतके फूट चढावें, असें त्यांनीं स्वयंचालक यंत्रणेस नेमून दिलें होतें. इंजिनांचें बळ अपुरें पडूं लागलें, तेव्हां त्या यंत्रणेनें चढ राखला आणि त्यापायीं वेग खर्ची घातला. वर पोहोंचेपर्यंत वेग फारच उतरला होता. हातांतील दांडा थरथरवून यंत्रानें इशारा दिला, मग तो दांडा आपोआप पुढें लोटून विमानाचें नाक खालीं आणलें. वैमानिकांनीं तें पुन्हां वर ओढलें. अखेर स्टॉल झाला, आणि इंजिनांकडे जाणारा हवेचा प्रवाह विस्कळित होऊन दोन्ही इंजिनें विझलीं.

तरीहि उपाय शिल्लक होता. नाक खालीं करून ३०० नॉट वेग गांठल्यास समोरच्या वाऱ्यानेंच इंजिनें फिरतात व पेटवितां येतात, असें पुस्तकांत लिहिलेलें होतें. तितका वेग त्यांनीं गांठला नाहीं. इंजिनांचे आंतील भाग फिरावयाचे थांबून जागच्या जागीं जखडले, आणि नंतरचे सर्व प्रयत्न निष्फळ झाले. जमिनीवरील नियंत्रकास त्यांनीं प्रथम एकच इंजिन बंद पडल्याचें सांगितलें, त्यामुळें जवळच्या विमानतळाकडे वळण्याचा मोलाचा वेळ गेला. विमान मिसूरी राज्यांतील जेफर्सन सिटी येथें कोसळलें, दोघेहि दगावले. नियमबाह्य व बेजबाबदार उड्डाण आणि संकटकाळच्या सूचनांचें अपुरें पालन हीं कारणें तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें २००७ सालीं नमूद केलीं.

चढतांना वेग राखला नाहीं आणि उतरतांना तो वाढविला नाहीं, अशी एकच चूक त्या रात्रीं दोनदां झाली. उंचीचा आंकडा वैमानिकांना ठाऊक होता. त्याला वेगाची जोड लागते, याचा विसर पडला.

कडक उन्हाच्या दुपारीं कांहीं सामान मागें ठेवल्यावांचून विमान सुटत नाहीं, तेव्हां उतारू साहजिकच चिडतो. त्या वेळीं वैमानिक वजन, उष्णता आणि धावपट्टीची लांबी यांचा मेळ घालून पाहत असतो. तो मेळ जमिनीवर असतांनाच बसवावा लागतो.